वाचकांचे प्रश्न : सिएरा लिओनमधले बालसैनिक

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवी संपताना लढणाऱ्यांना नि:शस्त्र करून घरी पाठवलं, तेव्हा मुलगा खरोखर बंडखोरांसोबत होता हे कसं ठरवत? आणि त्या नोंदीत मुली इतक्या कमी का?

उत्तर : १९९९च्या लोमे करारानंतर, म्हणजे सरकार आणि बंडखोरांतल्या शांतता करारानंतर, मुलांसाठी निकष ठरले ते असे : वय ७ ते १८, टोळीत किमान सहा महिने, बंदूक भरता-चालवता येणं. हत्यार जमा करण्याची अट मुलांना कागदावर नव्हती. हत्यारं जमा करण्याच्या छावणीच्या दारात मात्र ‘बंदूक कुठंय?’ असंच आधी विचारत, आणि एके-४७ सुटी करून परत जोडून दाखवायला लावत. घोळ झाला तो इथेच. भात शिजवणारी, ओझी वाहणारी, निरोप पोचवणारी मुलं या परीक्षेत बसतच नव्हती. कमांडरांनी ‘बायका’ म्हणून ठेवलेल्या मुलींजवळ बंदूक असलीच, तर ती काढून आपल्या माणसाच्या हाती दिली जाई. २००२पर्यंत ६,८००च्या आसपास मुलं नोंदली गेली. त्यात मुली शंभरात दहासुद्धा नव्हत्या. २००७च्या पॅरिस तत्त्वांत, म्हणजे बालसैनिकांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत, स्वयंपाकी, हमाल, निरोप्या सगळे धरले आहेत. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

प्रश्न : हत्यार टाकणाऱ्या मोठ्यांना रोख मदत मिळाली, मग मुलांना का नाही?

उत्तर : रोकड मुलाच्या खिशात टिकत नाही. शेजारच्या लायबेरियात मुलांनाही १५० डॉलरचे दोन हप्ते दिले, आणि कमांडर वाटा मागायला हजर. सिएरा लिओनमध्ये मदत शाळेला दिली : टोळीतून परतलेल्या मुलाला फी न घेता दाखल करा, बदल्यात वह्या, शिकवण्याचं सामान किंवा खेळाचं साहित्य घ्या. फळा-खडू सगळ्या वर्गाला मिळाला की ‘आमचं घर जाळणाऱ्यालाच बक्षीस?’ ही कुरबुर कमी होते. पंधरा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं तर तो लाजेनेच पळणार, म्हणून प्राथमिकची सहा वर्षं तिनात उरकणारे वर्गही काढले.

प्रश्न : शिवणकाम-सुतारकाम शिकवून अवजारं दिली, तरी मुलं ती विकतात. का?

उत्तर : एका गावात पाच शिंपी आणि कापड घेणारं कोणी नाही, अशी गत होते. आधी बाजार हिंडून पाहावा, मग कोर्स ठरवावा. शिवाय शिकून झाल्यावर काही महिने जुन्या कारागिराच्या हाताखाली बसवावं. गिऱ्हाईक त्याच्याकडे असतं, नुसत्या अवजारांच्या पेटीकडे नसतं.