लाकडाचा भुसा आणि टाकाऊ लाकूड यांपासून बनवलेली 'पर्यावरणपूरक' उत्पादने खरोखर तशी असतात का?

आपण विचारले आहे की, ठाण्यातील नव्या घराच्या कपाटांसाठी विक्रेता 'टाकाऊ लाकडापासून बनवलेला, पर्यावरणपूरक' बोर्ड सुचवत आहे, तो घ्यावा काय, आणि अशा वस्तूंवर मुळात कितपत विश्वास ठेवावा. वागळे इस्टेटमध्ये माझा लाकडी सामानाचा लहानसा कारखाना आहे, त्यामुळे अनुभवावरून लिहितो.

आमच्याकडे रोज निघणारा भुसा दोन वेगळ्या पोत्यांत भरला जातो. एकात सागवानासारख्या अखंड लाकडाचा भुसा आणि रंध्याच्या ढलप्या, तर दुसऱ्यात प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने चिकटवून, दाबून बनवलेला बोर्ड) कापताना उडणारी पिठासारखी धूळ. पहिले पोते लोक पैसे मोजून नेतात. दुसरे उचलून नेण्यासाठी आम्हांलाच पैसे मोजावे लागतात. दोन्हींत लाकूडच आहे, फरक आहे तो गोंदाचा.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे भुसा, ढलप्या आणि लाकडाचे तंतू यांपासूनच बनतात, म्हणजे विक्रेता खोटे बोलत नाही. मात्र ते बांधून ठेवण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड हे रेझिन, म्हणजे रासायनिक गोंद, वापरतात, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते, आणि ठाण्यात या दोन्हींची कधी टंचाई नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूला मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत घातले. म्हणून बोर्ड 'ई-१' प्रतीचा आहे काय, म्हणजे १०० ग्रॅम बोर्डामागे फॉर्मल्डिहाइड ८ मिलिग्रॅमच्या आत आहे काय, हे शिक्का पाहून खात्री करून घ्यावे. ई-० मिळाल्यास अधिक चांगले. शिवाय सुताराला सांगून बोर्डाच्या सर्व कडा, अगदी भिंतीकडे जाणाऱ्या आणि कोणाला न दिसणाऱ्या कडासुद्धा, पट्टी लावून बंद करून घ्याव्यात, कारण वायूही मुख्यतः तेथूनच निघतो आणि पाणीही तेथूनच शिरते. हे काम सुतार हमखास टाळतात. आमचेही टाळत असत.

आणखी एक पर्याय म्हणून डब्ल्यूपीसी, म्हणजे वूड-प्लास्टिक कंपोझिट बोर्ड, पुढे केला जाईल. त्याला वाळवी लागत नाही आणि पाण्यानेही तो सहसा फुगत नाही, पण तो लाकडाची भुकटी आणि पीव्हीसीसारखे प्लास्टिक यांचे मिश्रण असल्याने शेवटी कुजतही नाही आणि धड वेगळाही करता येत नाही. टिकाऊ म्हणून घ्यायचा तर जरूर घ्यावा, हिरवा म्हणून नव्हे.

याउलट आमच्या पहिल्या पोत्याचे जे होते, ते मला खरे पर्यावरणपूरक वाटते. तो भुसा ब्रिकेट, म्हणजे बाजारात ज्याला पांढरा कोळसा म्हणतात, त्या कांड्या बनवणाऱ्याकडे जातो, आणि त्या कांड्या कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जळतात. त्यांत गोंद अजिबात नसतो. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र धरून ठेवणारा नैसर्गिक पदार्थ, असते. यंत्रातील दाबाने आणि उष्णतेने ते मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच भुशाला घट्ट धरून ठेवते. अट एवढीच की भुसा कोरडा हवा, कारण ओलावा १०-१२ टक्क्यांवर गेला की आत वाफ कोंडते आणि कांडी यंत्रातून बाहेर पडतानाच तडकते. त्यामुळे पावसाळ्यात आमचे पोते नेणारा माणूस आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर भुसा काढून दाबून पाहतो आणि गोळा जमला की काही न बोलता भाव पाडतो. (लहानपणी घरी भुशाची शेगडी होती, मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद काढायची. तेव्हाही ओला भुसा आला की घरभर धूर होत असे.)

हेच लिग्निन कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत सांडपाण्यातून उरते, आणि त्यापासून केलेले लिग्नोसल्फोनेट कमी पाण्यात काँक्रीट सैल राहावे म्हणून त्यात मिसळतात. नॉर्वेतील बोरेगार्ड ही कंपनी तर स्प्रूसच्या लाकडातील लिग्निनपासून आइस्क्रीममधील व्हॅनिलाचा स्वाद, म्हणजे व्हॅनिलिन, तयार करते.

'जंगलातील टाकाऊ लाकूड' या शब्दांविषयी मात्र मी सावध असतो. येऊरच्या जंगलात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाण्याकडील भागात, पडून कुजणारा ओंडका टाकाऊ नसतो. त्यावर बुरशी, वाळवी आणि त्यांना खाणारे सुतारपक्षी जगतात, आणि राष्ट्रीय उद्यानातून तो उचलून आणणे हा गुन्हाही आहे. वखारीतील कापकाम किंवा रस्त्याकडेच्या झाडांची परवानगीने झालेली छाटणी, हा खरा टाकाऊ माल. विक्रेत्याला माल नेमका कोठून आला, हे विचारावे; उत्तर देताना तो अडखळला तर दुसरे दुकान पाहावे.

जाता जाता, कुंड्यांत भुसा घालावा काय, असेही आपण विचारले आहे. बोर्डाची धूळ मुळीच घालू नये. अखंड लाकडाचा भुसा चालतो, पण ताजा नको, कारण तो कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःच वापरून टाकतात. मी उत्साहाच्या भरात गच्चीतील मिरच्यांना ताजा भुसा घातला आणि पंधरा दिवसांत पाने पिवळी पडली. शेणखतात कालवून पाच-सहा महिने कुजू द्यावा, किंवा मातीत न मिसळता वरून दोन बोटे जाडीचा थर पसरावा.