सांडव्यात गोण्या टाकू का? मातीच्या बंधाऱ्याबद्दल आलेल्या शंका

राम राम मंडळी. पुरंदर तालुक्यातल्या एका गावातून तिघाचौघांचे मेसेज आलेत, विषय एकच, ओढ्यावरचा मातीचा बंधारा. ओढ्याचा लोंढा थेट अंजिराच्या बागांत घुसू नये म्हणून बांधलेला, आता मात्र सगळ्यांचा डोळा त्यातल्या पाण्यावर आहे.

पहिली शंका, सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, वाळूच्या गोण्या टाकून दीडदोन फूट पाणी वाढवलं तर कांद्याला एक पाणी जास्त मिळेल का? मिळेल की, पण नका करू. सांडव्याचा तळ आणि पाळीचा, म्हणजे मातीच्या बांधाचा, माथा यात जे अंतर असतं ना ते पुराचं पाणी चढायला ठेवलेलं असतं, तिथं तुम्ही गोण्या रचल्या आणि रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस आला तर पाणी पाळीवरून जाणार, आणि सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलेलं चालतं पण मातीच्या पाळीवरून गेलं की खालच्या उताराची माती सुटायला लागते आणि बघता बघता भगदाड पडतं. 2019 च्या सप्टेंबरात एका रात्रीत कऱ्हा नदी कशी फुगली होती ते तुम्हीच बघितलंय. लोंढा अडवायला तलावात जागा रिकामी लागते राव, काठोकाठ भरलेला बंधारा पूर कसला अडवणार! उलट सांडव्यात वाढलेली वेडी बाभूळ, झुडपं, साचलेला गाळ आधी काढा.

दुसरी शंका, पाळीच्या पायथ्याला ओल दिसते, धोका आहे का? थोडा पाझर असतोच. काचेच्या बाटलीत ते पाणी धरा, तासभर हलवू नका. नितळ राहिलं तर नुसतं लक्ष ठेवा, पाझर वाढतोय का ते रोज बघा. तळाला माती बसली तर मात्र पाळ आतून पोखरतीये. तिथं चिखल थापून भोक बुजवायला जाऊ नका, पाणी दुसरीकडनं फुटेल. आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड असा थर द्या म्हणजे पाणी निघेल पण माती थांबेल, आणि लगेच जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला कळवा. पाझर गढूळ होऊन जोरात यायला लागला तर ओढ्याकाठच्या वस्तीला उठवा आणि 1077 ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन लावा, साहेब येईपर्यंत थांबू नका.

रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा ते खेकड्यांनी पोखरलं असं मंत्री म्हणाले न त्यावरून लई चेष्टा झाली, पण खेकड्याउंदरांची बिळं बघायचीच. पाळीवर झाडं नकोत, मुळं कुजली की आत पोकळ वाट तयार होते. लहान असतानाच काढा, मोठं झालेलं जेसीबीने उपटू नका, आधी इंजिनिअरला दाखवा. हरळी चालेल, वाळा म्हणजे खस गवत पण चालेल.

गाळ काढायचा तर एप्रिल-मे मध्ये, तलावाच्या मधून. पाळीच्या बुडाशी खोदू नका, तिथली माती कितीही काळीभोर दिसली तरी.