धडा पाठवण्यापेक्षा काम मागवावे

प्रश्न : आमची शाळा धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात असून सहावी-सातवीचे वर्ग माझ्याकडे आहेत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी रोज धड्यांचे व्हिडिओ पाठवते. परंतु फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतात असतो, संध्याकाळपर्यंत डेटा संपलेला असतो आणि दिवाळीच्या सुमारास काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. अशा ठिकाणी शाळेबाहेरच्या शिक्षणाला तंत्रज्ञानाचा खरोखर उपयोग आहे का?
— एक शिक्षिका, जि. बीड

उत्तर : उपयोग निश्चित आहे, मात्र रोज व्हिडिओ पाठवणे आपण थांबवावे असे मला मनापासून वाटते. जे आपण वर्गात समोर उभे राहून शिकवता, तेच घरी लहान पडद्यावर पुन्हा दाखवल्याने डेटा खर्च होतो आणि मूल तिथेही नुसते श्रोता राहते. याउलट फोनमधला कॅमेरा, आवाज नोंदवण्याची सोय आणि गणनयंत्र यांना इंटरनेट लागत नाही. त्यांच्या आधारे मुलांनी घरून काम करून आणावे आणि वर्गात त्यावर शिकवणे व्हावे.

आपल्या भागात यासाठी पावसाइतका चांगला विषय नाही. सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी झाडाझुडपांपासून दूर, उघड्यावर ठेवून मुलांनी रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामान खात्याच्या नोंदीच्या वेळेलाच, पट्टीने पाण्याची उंची मोजावी, छायाचित्र घ्यावे आणि बरणी रिकामी करावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे समजले की घराच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून गेले याचे गणित मुले स्वतः मांडू शकतात. कृषी विभाग महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे संकेतस्थळावर देतो. ते आठवड्यातून एकदा शाळेत उघडून मुलांच्या नोंदींशेजारी लिहावेत. एका मंडळात अनेक गावे येत असल्यामुळे दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत, आणि ते का जुळत नाहीत या प्रश्नावर भूगोलाचे दोन तास सहज जातील. दुष्काळ आणि पीकविमा यांची चर्चा रोज ऐकणारे पालकही त्यात रस घेतील, असा माझा विश्वास आहे.

व्हिडिओ अगदीच वर्ज्य नाहीत. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून मिळणारे दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील साहित्य आधी उतरवून ठेवता येते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातील विज्ञानाचे आभासी प्रयोगही मराठीत उपलब्ध आहेत आणि एकदा उतरवले की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न अधिक अवघड आहे. त्यांचे नाव हंगामी वसतिगृहात नोंदवून त्यांना गावातच ठेवता आले तर उत्तम. ते शक्य नसेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखल होता यावे म्हणून दिले जाणारे पत्रक, देऊन कारखान्याजवळच्या शाळेत त्यांची सोय व्हावी. फोन शाळेची जागा घेऊ शकत नाही, पण वर्गाशी नाते टिकवू शकतो. आठवड्यातून एकदा, रात्री जेवणानंतर, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज त्या मुलासाठी पाठवावा आणि त्यानेही बोलूनच उत्तर द्यावे : वाटेत कोणती गावे लागली, कोपीच्या, म्हणजे राहत्या तात्पुरत्या झोपडीच्या, शेजारी कुठले लोक उतरले आहेत, तिथल्या बोलीतले कोणते शब्द नवीन वाटले. हे उत्तर वर्गात सर्वांना ऐकवावे. उसाच्या फडातल्या मोळ्या मोजण्यासारखे काम मात्र कधीही देऊ नये, कारण त्या निमित्ताने मूल फडातच अडकेल.

आणखी एक काळजी घ्यावी. घरातला एकमेव फोन बहुधा आधी मुलाच्या हाती जातो आणि मुलीला उरलेला वेळ मिळतो. म्हणून घरी करायचा अभ्यास जवळ राहणाऱ्या दोघी-तिघींच्या गटाला द्यावे, त्यासाठी आठवडाभराची मुदत ठेवावी, आणि ज्या घरात फोनच नाही तिथल्या मुलीने वहीत केलेली नोंद छायाचित्राइतकीच ग्राह्य धरावी.