मान वर कर, बाहेर बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

दिंडोरीहून तुझा फोन आला तेव्हापासून अस्वस्थ आहे. "काका, ड्रोनच सगळं करणार असतील तर सीपीएलला, पैसे घेऊन विमान उडवायच्या लायसन्सला, एवढे पैसे कशाला घालायचे?" बाबा बागेवर कर्ज काढायला निघाले आणि तू मागे सरलीस. तू घाबरट नाहीस, म्हणून सरळ लिहितो.

लहान विमानांची काही कामं ड्रोननं घेतली, हे खरंच आहे. हवाई फोटो, जमिनीची मोजणी, फवारणी. परदेशात किती तरी तरुण पायलट अशाच कामांवर उडण्याचे तास जमवायचे. तो रस्ता अरुंद झालाय. पण फवारणीच्या टाकीमुळे प्रवासी विमानातली पायलटची खुर्ची हलत नाही. ती भीती सोड.

मला लागलं ते तुझं दुसरं वाक्य. "ड्रोनला काय, स्क्रीनच तर बघायची." नाही, पोरी. मान वर करायची, बाहेर बघायचं.

10 ऑगस्ट 2021. टोरांटोजवळचा बटनव्हिल विमानतळ. शिकाऊ पायलट आणि प्रशिक्षक सेसना 172 घेऊन उतरायला येत होते आणि पोलिसांचा ड्रोन त्याच वाटेवर तरंगत होता. धडक झाली, पंखा आणि इंजिनाचं झाकण खराब झालं. आतल्या दोघांना वाटलं, पक्षी आदळला! सुखरूप उतरले, नशीब. चौकशीत दिसलं की ड्रोन उडवणारा हातातल्या कामात इतका गुंतला होता की आकाशाकडे लक्ष राहिलंच नाही. तो काही लग्नात शूटिंग करणारा हौशी पोरगा नव्हता, ड्रोनचं प्रशिक्षण घेतलेला माणूस होता.

विमानातल्यानं का नाही बघितलं, असं विचारशील. उतरताना सेसना सेकंदाला तीस-पस्तीस मीटर कापते. समोरून धडकेच्या रेषेत येणारी वस्तू काचेवर सरकत नाही, एका जागी ठिपक्यासारखी राहते, आणि न हलणारा ठिपका डोळ्याला सापडत नाही. ड्रोनवाल्याला मात्र इंजिनाचा आवाज आधी ऐकू येऊ शकतो. म्हणून जास्त जबाबदारी खाली उभ्या असलेल्याची, हे माझं ठाम मत आहे. लोक त्याला हट्ट म्हणतात.

आता आपल्याकडे बघ. 2021 च्या नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही त्या भागात, ड्रोनला जमिनीपासून 400 फुटांपर्यंत मुभा. विमानानं एरवी निदान 500 फुटांवर राहायचं. मध्ये फट 100 फुटांची. तू रामशेज किल्ल्याच्या माथ्यावरून ड्रोन सोडलास आणि तो पायथ्याच्या शेतांवर गेला, तर स्क्रीन उडवल्या जागेपासूनची उंची दाखवत बसेल. खालची जमीन कितीतरी खोल गेलेली असेल. पायलटचा अल्टिमीटर, उंची दाखवणारं यंत्र, तर समुद्रसपाटीपासून मोजतो, आणि आपलं नाशिकच सुमारे 1900 फुटांवर. दोघांचेही आकडे बरोबर, तरी दोघं एकाच उंचीवर. आकडा तुला वाचवणार नाही. बाहेर बघ!

त्यात आपल्या डोक्यावर एका बाजूला ओझरचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला नाशिकच्याच गांधीनगरची लष्कराची हेलिकॉप्टरं. 2027 च्या कुंभात काय गर्दी होईल ती होईल. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडून लाल (मनाईचा) आणि पिवळा (परवानगीचा) भाग बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नकोस.

मी पीपीएलवाला, म्हणजे खाजगी पायलट. त्या लायसन्सवर एक रुपया कमावता येत नाही. घरचे आजही विचारतात, काय मिळवलंस? मेडिकल, पायलटचं तब्येतीचं प्रमाणपत्र, गेलं आणि उडणं संपलं, ती हळहळ अजून आहे. पण आकाशात आपण एकटे नसतो हे अंगात मुरलं ते त्याच तासांमुळे. ते फुकट गेले असं मी कुणालाही म्हणू देत नाही, तुझ्या बाबांनासुद्धा.

तर ड्रोन शीक, जरूर शीक. रिमोट पायलटचा, म्हणजे ड्रोन उडवण्याचा, कोर्स काही दिवसांत होतो आणि बागेला उपयोगी पडेल. पण तेवढ्यावर थांबू नकोस. एअर रेग्युलेशन आणि हवामानाची पुस्तकं सीपीएलवाल्यासारखी वाच. सीपीएलचे 200 तास पुढे करायचे की नाही, हे तेव्हा तुझं तुलाच कळेल. ड्रोनच्या धाकानं आज नको ठरवूस.

आणि बाबांना सांग, कर्जाच्या कागदावर सही आत्ता नको. आधी क्लास 2 मेडिकल, ही पहिली तपासणी, मग सीपीएलला लागणारं क्लास 1. रिपोर्ट हातात आला की मला फोन कर, मग पैशांचं बोलू.

तुझा,
काका