वाचकांच्या शंका : कृष्णविवर वाढते, तेव्हा ताऱ्यांचे काय होते?

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी, वीज गेली की आकाशगंगेचा पट्टा स्पष्ट दिसतो. तिच्या केंद्रातील कृष्णविवर सर्व काही गिळत असेल, तर नवे तारे जन्मतात कसे?
– एक वाचक, रावेर

उत्तर : कृष्णविवर सर्व काही गिळते, हा समज आधी सोडावा लागेल. आपल्या दीर्घिकेतील, म्हणजे ताऱ्यांच्या आणि वायूच्या ज्या प्रचंड समूहात आपण राहतो त्या आकाशगंगेतील, कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांइतके असले, तरी सध्या ते जवळजवळ उपाशीच आहे.

तारे आणि कृष्णविवर या दोघांचे अन्न एकच, ते म्हणजे वायू. तुमच्याकडे केळीच्या बागेला आणि घराला एकाच विहिरीचे पाणी पुरवावे, तसे. म्हणूनच सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी, दीर्घिकांमध्ये वायू मुबलक असताना, ताऱ्यांची निर्मिती आणि कृष्णविवरांची वाढ या दोन्ही गोष्टी शिगेला पोहोचल्या होत्या.

विहिरीची उपमा मात्र इथेच संपते. कृष्णविवराकडे घिरट्या घालत जाणारा वायू इतका तापतो, की त्यातून निघणारे प्रारण (प्रकाश, क्ष-किरण इत्यादी), वारे आणि झोत भोवतालचा वायू तापवतात किंवा दूर लोटतात. आणि तापलेला वायू सहजी आकसत नसल्याने त्यातून तारे घडत नाहीत. ययाति दीर्घिकासमूहातील तप्त वायूत अशा झोतांनी फुगवलेल्या प्रचंड पोकळ्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने टिपल्या आहेत.

तरीही एखादी दीर्घिका पाहून तिच्या कृष्णविवराने ताऱ्यांची निर्मिती थांबवली की नाही, याचा लगेच निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण कृष्णविवराची भूक ताऱ्यांच्या निर्मितीपेक्षा फार लवकर कमी-जास्त होते.