हाड नसलेला सांगाडा

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि त्या कामी ‘पेशीचा सांगाडा’ मदत करतो, असे तिच्या वाचनात आले. सांगाडा ताठ असतो. मग पेशी जंतूभोवती वाकते कशी? मी स्वतः शिरोलीला फाउंड्रीत काम करतो. श्वासावाटे छातीत गेलेली वाळूची धूळही या पेशी गिळतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण ‘सांगाडा’ या शब्दानेच येथे घोटाळा होतो. हाडांचा सांगाडा एकदा घडला की वर्षानुवर्षे टिकतो. पेशीतला सांगाडा मात्र बांधकामावरच्या परांचीसारखा असतो, आणि ही परांची एकीकडे सतत उतरवली जाते व सुटलेले सामान दुसरीकडे पुन्हा जोडले जाते. तिचा मुख्य घटक म्हणजे अ‍ॅक्टिन हे प्रथिन. त्याचे सुटे रेणू जुळून सुमारे 7 नॅनोमीटर जाडीचे तंतू बनतात.

जंतूला चिकटलेली प्रतिपिंडे (जंतू ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने) मॅक्रोफेज या भक्षक पेशीच्या ग्राहींनी, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरील पकड घेणाऱ्या रेणूंनी, पकडली, की आत निरोप जातो आणि नेमक्या त्याच जागी अ‍ॅक्टिनची जुळणी सुरू होते. जुन्या तंतूला सुमारे 70 अंशांच्या कोनात नवा फाटा फुटतो, त्या फाट्याला आणखी फाटे फुटतात, आणि वाढत्या टोकांचे हे दाट जाळे पेशीपटलाला आतून बाहेर रेटते. म्हणजे पेशीला वळण येते ते मुख्यतः तंतू वाकल्यामुळे नव्हे, तर वाढल्यामुळे. पटल जंतूच्या अंगावरून पुढे सरकते, तेथे नवे ग्राही पुढची प्रतिपिंडे पकडतात आणि झिप लावावी तसा विळखा मिटत जातो. कण मोठा असेल तर विळख्याच्या तळाशी असलेले अ‍ॅक्टिन मोडावेही लागते, नाहीतर तो आत उतरत नाही. कडेला बांधणी आणि तळाला मोडणी ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, हे मला या साऱ्या क्रियेत सर्वांत विलक्षण वाटते. बुरशीपासून मिळणाऱ्या सायटोकॅलेसिनने अ‍ॅक्टिनची वाढ रोखली, तर कण पेशीला चिकटून राहतात, पण गिळले जात नाहीत.

विळखा मिटला की जंतूभोवती पटलाची पिशवी तयार होते, आणि ती पुढे सूक्ष्मनलिकांवरून (सांगाड्यातल्याच पोकळ, नळीसारख्या तंतूंवरून) पेशीच्या मध्याकडे ओढली जाते. तेथे ती पाचकरसांनी भरलेल्या लायसोझोमशी एकरूप होते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू हे मीलन अडवतो, म्हणूनच तो गिळला जाऊनही जिवंत राहू शकतो.

आता आपल्या धुळीविषयी. फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचलेले सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या मुख्य घटकाचे, सूक्ष्म कण मॅक्रोफेज गिळतात. गिळण्यात अडचण नाही. अडचण पचवण्यात आहे. सिलिका विरघळत नाही, उलट लायसोझोमचे आवरण फाडते. पेशी मरते, कण मोकळे होतात, दुसरी पेशी तेच कण गिळते, आणि या दाहातून फुप्फुसांत वण साठत जाऊन सिलिकोसिस होतो. हा आजार बरा करणारे औषध नाही आणि त्यात क्षयाचा धोकाही वाढतो. नाकाला बांधलेल्या रुमालातून इतके बारीक कण आत जातात, म्हणून धुळीसाठीचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्कच वापरावा. अनेक वर्षे हे काम केले असेल, तर खोकला नसतानाही डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगून छातीचा एक्स-रे काढून घ्यावा, असे मी आपणांस आग्रहाने सुचवतो.