लिव्ह म्हणायचं की स्टे? आणि लीव्हचं काय?

प्रश्न खानापूरच्या एका ताईंचा आहे. त्यांची भाची बेळगावात राहून बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय, क्लासमध्ये ओळख करून देताना 'आय स्टे इन टिळकवाडी' म्हणाली तर सरांनी तिथंच अडवलं, की स्टे हॉटेलात करतात, घरात लिव्ह करतात. ताईंचं म्हणणं, आपल्याकडं तर सगळेच स्टे म्हणतात, मग सगळेच चुकतात काय? आणि जाता जाता दुसरं विचारलंय, की एकच स्पेलिंग कधी लिव्ह वाचायचं कधी लाइव्ह, वर लीव्ह ते आणखी वेगळं, हा काय घोळ आहे.

ताई, सर बरोबर आहेत, पण जरा जास्तच कडक आहेत. पुस्तकी इंग्रजीत जिथं आपलं बिऱ्हाड आहे तिथं लिव्ह, आणि जिथं मुक्काम आहे, चार दिवस का चार महिने, तिथं स्टे. पण स्कॉटलंडमध्ये लोक कायमच्या घराबद्दलसुद्धा 'व्हेअर डू यू स्टे' असंच विचारतात, आणि इंग्रजी तर त्यांच्या घरची भाषा आहे. त्यामुळं ही काय फक्त आपल्या बाजूच्या लोकांची अडाणी चूक नाही. तरी इंटरव्ह्यूमध्ये लिव्ह म्हणावं, उगाच वाद कशाला.

भाचीच्या बाबतीत गंमत अशी की ती खरंच टिळकवाडीत पीजीमध्ये असेल आणि घर खानापूरला असेल तर 'आय ॲम स्टेइंग इन टिळकवाडी' शंभर टक्के बरोबर आहे! तिथं सरांनीच आधी विचारायला पाहिजे होतं की बाई, घर कुठलं. तिनं सरळ म्हणावं, आय ॲम फ्रॉम खानापूर, आय ॲम स्टेइंग इन टिळकवाडी फॉर माय स्टडीज.

आपण स्टेकडं का घसरतो ते बघा. मराठीत 'मी वडगावला राहतो' आणि 'काल रात्री मावशीकडं राहिलो' दोन्हीकडं क्रियापद एकच. एसटीसुद्धा गावात वस्तीला राहते. त्यामुळं राहणेला इंग्रजी शब्द शोधताना जो आधी तोंडात येईल तो आपण वापरतो. आणि बोलताना आपण राहतोसुद्धा म्हणत नाही की, 'असतो' म्हणतो. कुठं असतासा? आम्ही शहापूरला असतो, थोरला पुण्याला असतो. शेजारी कन्नडमध्येपण तेच, 'एल्लि इर्तीरि' म्हणजे शब्दशः कुठं असता, इरु म्हणजे असणे आणि तेच राहणेसुद्धा. हा 'असतो' इंग्रजीत नेताना पोरं 'माय ब्रदर इज देअर इन पुणे' म्हणतात, तिथं साधं 'माय ब्रदर लिव्ह्ज इन पुणे' पाहिजे.

जगणे, ती हयातीची बाजू, तिथं लिव्ह नीट बसतं आणि मराठीशी जुळतंसुद्धा. माणूस चटणी-भाकरीवर जगतो, तिथं आपला 'वर' आणि त्यांचा 'ऑन' अगदी एकासारखा एक, लिव्ह ऑन. बापाच्या जिवावर जगणाऱ्याला लिव्ह ऑफ. लिव्ह विथचे दोन अर्थ, एक सोबत राहणे, दुसरा निभावून नेणे, म्हणजे शुगर निघाली आता ती सांभाळत जगायचं, ते लिव्ह विथ. लिव्ह अप टूला तर आपल्याकडं फार झकास शब्द आहे, जागणे. नावाला जागला, शब्दाला जागला. डिक्शनरीत 'अपेक्षेस पात्र ठरणे' असलं काहीतरी देतात, ते कोण बोलतं? आणि 'व्हॉट डू यू डू फॉर अ लिव्हिंग' म्हणजे पोटापाण्याला काय करता. इथं जगण्यासाठी काय करता असं भाषांतर केलं तर समोरचा म्हणेल श्वास घेतो.

एका जागी मात्र इंग्रजी कमी पडतं, नांदणे. 'पोरगी सासरी नांदेना' यात घर, नवरा, सासू, सुख, भांडण सगळं आलं, आणि इंग्रजीत काय तर शी इज नॉट लिव्हिंग विथ हर हजबंड. चव गेली. उलट लिव्ह-इन हा शब्द आपण घेतला तो एकाच अर्थानं, लग्नाशिवाय एकत्र राहणं, इंग्रजीत मात्र मालकाच्या घरीच राहणारा स्वयंपाकीसुद्धा लिव्ह-इन कुक असतो, त्यात काही भानगड नाही.

आता लिव्ह आणि लीव्ह. लिव्ह ऱ्हस्व, राहणे. लीव्ह दीर्घ, सोडून जाणे, किंवा ऑफिसातली रजा. मराठी माणसाचा कान इथं फसतो कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फार पाळत नाही, दिन आणि दीन एकच म्हणतो. कन्नडवाल्यांना हे सोपं जातं आणि उदाहरण त्यांच्याच घरात आहे. बिडु म्हणजे सोड (बिड्रि बिड्रि तर बाजारात आपणही म्हणतो), आणि बीडु म्हणजे वस्ती, मुक्कामाची जागा, हळेबीडु गावाच्या नावातला तोच. म्हणजे बघा, त्यांच्यात ऱ्हस्व म्हणजे सोडणे आणि दीर्घ म्हणजे राहण्याची जागा, इंग्रजीत नेमकं उलटं! आणि कहर म्हणजे कन्नडचे हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे, तसेच इंग्रजीतले लिव्ह-लीव्हसुद्धा एकाच मुळाचे आहेत. ते मूळ चिकटणे, लागून राहणे, उरणे अशा अर्थाचं. उरला तो लिव्ह, मागं उरू दिलं ते लीव्ह. आपलं 'भाकरी राहिली', 'काम राहिलं' आठवा, राहणे आणि उरणे आपल्यातही एकच की. संस्कृतात त्याच मुळापासून लिप् आला, त्यातून आपलं लिंपणे आणि लेप. म्हणजे शेणामातीनं लिंपलेली भिंत आणि इंग्रजी लिव्ह हे लांबचे चुलतभाऊ निघाले, मला तर हे फार आवडतं. आपला जीव मात्र या भावकीतला नाही, त्याचा इंग्रजी नातेवाईक क्विक, ज्याचा जुना अर्थ चपळ नव्हे, जिवंत असा होता.

याच घोळातून ते 'लिव्हिंग सर्टिफिकेट' येतं. आपल्याकडं कर्नाटकात टीसी म्हणतात म्हणून वाचलो, पण चंदगड-कोल्हापूरकडं शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे एलसी, लीव्हिंग सर्टिफिकेट, आणि झेरॉक्सच्या दुकानावर त्यातला ली ऱ्हस्व लिहिलेला असतो, म्हणजे जिवंत असल्याचा दाखला. तो दाखला खरा वेगळाच, पेन्शनवाले आजोबा नोव्हेंबरात बँकेत जाऊन देतात तो हयातीचा, आणि त्याला लाइफ सर्टिफिकेट म्हणतात, लिव्हिंग नव्हे.

राहिलं लाइव्ह. क्रियापद असेल तर लिव्ह, विशेषण असेल तर लाइव्ह, बास. मॅच लाइव्ह, लाइव्ह वायर म्हणजे करंट असलेली तार. हे अलाइव्हचं आखूड रूप आहे, आणि दोन्हींची जागा ठरलेली आहे. बाजारात टोपलीत तडफडणारा मासा 'अ लाइव्ह फिश', पण वाक्याच्या शेवटी 'द फिश इज अलाइव्ह'. ॲन अलाइव्ह फिश म्हणायचं नाही. लाइफचं अनेकवचन लाइव्ज, स्पेलिंग पुन्हा लिव्ह्जचंच, तिथं वाक्य बघूनच ओळखायचं, दुसरा इलाज नाही.

आणखी एक, भाचीला नक्की सांगा कारण हे फॉर्मवर आणि इंटरव्ह्यूत दोन्हीकडं चुकतं. 'आय ॲम लिव्हिंग इन बेळगाव सिन्स 2010' असं नाही, 'आय हॅव लिव्ड इन बेळगाव सिन्स 2010', किंवा हॅव बीन लिव्हिंग. आपण '2010 पासून राहतोय' म्हणतो म्हणून तो आयएनजी मधे घुसतो. (फॉर्मवर गावाचं नाव मात्र बेळगावी, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव तेच आहे, तोंडात काय येतं तो प्रश्न वेगळा.) आणि गल्लीचं नाव सांगताना ब्रिटिश पद्धतीनं इन, अमेरिकन पद्धतीनं ऑन, घर नंबर सांगितला की ॲट. समादेवी गल्लीला इन लावलं तरी कोणी मार्क कापणार नाही.